'लीड सिंगर'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या 'फोर टॉप्स' या चौघांच्या गायक-गटातल्या लीवाय स्टब्जवर लेख लिहितोय. 'लीड सिंगर'साठी 'प्रमुख गायक' लिहिलं, पण खटकतंय. प्रमुख म्हटलं की बाकीचे तिघे दुय्यम होतात, आणि हा माणूस तर जन्मभर त्या तिघांना धरून राहिला. १९५३ मध्ये एकत्र आलेले हे चौघे १९९७ मध्ये लॉरेन्स पेटन वारला तोवर तेच होते. १९६७ मध्ये मोटाउन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने 'सुप्रीम्स' या गायिकांच्या गटाच्या नावाआधी त्यांच्या लीड सिंगरचं, डायना रॉसचं नाव लावलं. 'फोर टॉप्स'चं नाव मात्र तेवढंच राहिलं. योग्य शब्द सुचवाल का?

—

'म्होरक्या' चालेल का? छान देशी शब्द आहे.

—

शब्द छान, पण वर्तमानपत्रांनी तो टोळीला बांधून टाकलाय. शिवाय म्होरक्या म्हणजे नेता. आपल्याला गाण्यातली जागा सांगायची आहे.

पोवाड्याकडे बघा. शाहीर कडवं म्हणतो, मागचे झीलकरी झील ओढतात. 'रीच आउट आय विल बी देअर' (१९६६) ऐकताना मला तेच आठवतं: स्टब्ज पुढून हाक घालतो आणि मागून तिघे ती उचलून धरतात. 'बॅकिंग व्होकल्स'ला 'झील' हा अस्सल शब्द आपल्याकडे असताना 'पार्श्वस्वर' वगैरे कशाला घडवायचे?

'शाहीर' मात्र नको. शाहीर बहुधा स्वतः रचतो. यांची त्या काळातली गाजलेली गाणी हॉलंड-डोझियर-हॉलंड या तिघांनी रचलेली. स्टब्जचा गळा मुळात खालच्या पट्टीचा. हे रचनाकार त्याला मुद्दाम चढी पट्टी द्यायचे, म्हणजे आवाज ताणला जाऊन त्यात आर्जव उतरायचं. तो ताण ही स्टब्जची ओळख, रचना नव्हे.

—

आमच्या गावच्या भजनात 'आज पुढं कोण म्हणणार?' असं विचारतात. पुढं म्हणणारा आणि मागं म्हणणारे. त्यात मोठा-लहान कुणी नसतं, नुसती जागा कळते. नाम कशाला हवं, क्रियापद वापरा की!

—

हे पटलं, मनापासून आभार. वाक्य असं बदलतोय: 'चौघांत पुढे स्टब्ज गायचा आणि तिघे झील धरायचे. २००० मध्ये पक्षाघाताने त्याचं पुढे गाणं थांबलं, २००८ मध्ये तो डेट्रॉइटमध्येच वारला.'

—

'पुढे गाणं' आणि 'पुढे' म्हणजे 'नंतर', यांत वाचकाचा घोटाळा होईल. दुसऱ्या वाक्यात 'त्याचं गाणं थांबलं' एवढंच ठेवा.