घटस्फोटित आई, महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज: उत्पन्न कोणाचं?

प्रश्न: भाचीला सोलापुरातच कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आई विड्या वळते, ताबा तिच्याकडेच. वडिलांचं उत्पन्नही लागेल का?

– आईच्या नावाने उत्तर सोलापूर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा. सोबत घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टाची प्रमाणित नक्कल जोडा; नोटरीच्या सोडचिठ्ठीवर अर्ज अडतो. पोटगी मिळत असेल तर खरी रक्कम सांगा. मर्यादा 8 लाखांची आहे, लपवायचं कशाला? 2024-25 पासून मुलींना या मर्यादेत शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे.

– फॉर्ममध्ये ‘वडील हयात?’ला ‘नाही’ टाकू नका, मृत्यूचा दाखला मागतील.

– ताई, खातं मुलीचंच हवं. नुसतं केवायसी पुरत नाही, बँकेत एनपीसीआय मॅपिंग (सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधारशी जोडणी) करून घ्या. नाहीतर मंजूर पैसेही अडकतात.