मदत हवी आहे: खऱ्या ठगावर मालिका लिहितेय, नाव बदलू का?

मृण्मयी_का: तातडीचं आहे. आमच्या तालुक्यात एकाने दामदुपटीचं आमिष दाखवून गावंच्या गावं बुडवली. त्यावर मालिका लिहितेय. निर्माते म्हणतात, नावं बदल, सुरुवातीला 'काल्पनिक' अशी पाटी टाकू, विषय संपला. मला पटत नाही. गाव तेच, कचेरी तीच, कुणीही ओळखेल. शिवाय पहिला भाग जो वाचतो तो त्या माणसावरच फिदा होतो. पैसे गेलेली माणसं कोपऱ्यात राहतात. काय करू?

वाटसरू: माणूस हयात आहे का? शिक्षा झाली की नुसतं आरोपपत्र?

सांजवेळ: आधी पुस्तकाचे हक्क घ्या. हर्षद मेहतावरची मालिका सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावर होती, तेलगीवरची पत्रकार संजय सिंह यांच्या. हाच एक राजमार्ग.

मृण्मयी_का: पुस्तक नाहीच आहे हो! मी स्वतः लोकांशी बोलून लिहिलंय. तो हयात आहे, जामिनावर आहे, खटला चालू आहे. आता सांगा.

वकीलकाका: मग हे आधी सांगायचंत. तेलगीला शिक्षा झाली होती, तुमचा माणूस अजून आरोपी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली राजगोपाल खटल्यात म्हटलं की न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींच्या आधारे लिहायला संमती लागत नाही. पण नोंदीपलीकडे गेलात तर जबाबदारी तुमची. पाटीने बदनामीचा दावा टळत नाही.

गोंयकार: नाव बदला की. 'इन्स्पेक्टर झेंडे' चित्रपटात चार्ल्स शोभराजचा कार्ल भोजराज केला, तरी सगळ्यांना कळलंच. १९८६ साली झेंड्यांनी त्याला आमच्या गोव्यात, पर्वरीच्या एका हॉटेलात पकडलं. त्या हॉटेलात त्याचा पुतळाही बसवलाय.

सांजवेळ: शोभराज खुनी होता, इथे ठेवीदारांचा प्रश्न आहे. विषय भरकटवू नका.

गोंयकार: भरकटवत नाहीये. पकडला गेला त्याचाच पुतळा! ताईंचा दुसरा प्रश्न तोच नाही का?

रेवा: मृण्मयी, मुख्य पात्रापेक्षा बाजूच्या पात्रांना जप. श्रीमंत वारसदार असल्याचं भासवून न्यूयॉर्कमध्ये लोकांना फसवणाऱ्या ॲना डेल्वीवरच्या मालिकेसाठी नेटफ्लिक्सने खुद्द तिला ३,२०,००० डॉलर दिले. गुन्हेगाराला स्वतःच्या गुन्ह्यातून कमाई करू न देणाऱ्या न्यूयॉर्कच्या कायद्यामुळे ते पैसे आधी गोठवले गेले आणि बँकांची भरपाई त्यातून झाली. बदनामीचा दावा मात्र २०२२ साली तिच्या फसवल्या गेलेल्या मैत्रिणीने लावला, कारण मालिकेत तिचं खरं नाव होतं आणि तिला स्वार्थी दाखवल्याचं तिचं म्हणणं होतं. तुझ्याकडच्या एजंटांची, कारकुनाची, ठेवीदारांची नावं बदललीस का?

मृण्मयी_का: ठेवीदारांची खरीच ठेवलीत. त्यांनीच सांगितलं, आमची नावं येऊ द्या.

वकीलकाका: लेखी घेतलंय?

मृण्मयी_का: नाही.

पेन्शनर_सातारा: माझ्या मावशीचे पैसे अशाच योजनेत अडकलेत. तक्रार कुठे करायची?

वाटसरू: काका, वेगळा धागा काढा.

वकीलकाका: उत्तर देतो, मृण्मयीताईंच्याही उपयोगाचं आहे. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा आणि १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लावायला सांगा. त्यात मालमत्ता जप्त करण्याचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो. ताई, तुमच्या प्रकरणात तो निघाला असेल तर कोणती जमीन, कोणता बंगला, सगळं छापील मिळेल.

रेवा: आणि माणूस देखणा वाटतो कारण प्रत्येक प्रसंग त्याच्या बाजूने सुरू होतो. पहिला भाग ठेवीदाराच्या घरातून सुरू कर. मुलीच्या लग्नाचे पैसे काढायला बाई कचेरीत जाते आणि शटर बंद. तो स्वतः पडद्यावर अर्ध्या भागानंतर येऊ दे.

सांजवेळ: मग वाहिनी घेणार नाही. प्रेक्षकांना ठगच हवा असतो.

रेवा: ठग राहू दे की. त्याची हुशारी दाखव, पण ती कुणाच्या घरात शिरून चालली तेही त्याच प्रसंगात दिसू दे.

मृण्मयी_का: हे करते. राजपत्र शोधायला घेतलंय, संमतीपत्रांसाठी उद्या गावात जातेय. वकीलकाका, मसुदा मराठीत चालेल ना?

वकीलकाका: मराठीतच करा. सही करणाऱ्याला वाचून दाखवा आणि प्रत त्याच्याकडेही ठेवा.