पंखा काठीने ढोसल्यावरच फिरतो, नवा घेऊ का?

प्रश्न: वेंगुर्ल्याला घर, समुद्र हाकेच्या अंतरावर. माजघरातला पंखा बटण दाबलं की नुसता गुणगुणतो. आई काठीने पातं ढोसते, मग फिरतो, तोही रडत. दुकानदार म्हणतो मोटर गेली, नवा घ्या.

उत्तर: ढोसल्यावर फिरतो म्हणजे मोटर जिवंत आहे हो. कपॅसिटर, म्हणजे पंख्याला फिरायला सुरुवातीचा धक्का देणारा भाग, निकामी झालाय. वरच्या वाटीखाली छोटी डबी असते, तोच तो. त्यावर 2.5 मायक्रोफॅरड असेल तर तेवढाच आणा, शंभराच्या आत मिळतो. आधी मेन स्विच बंद. वायरी सोडण्यापूर्वी फोटो काढा. मी काढला नव्हता, पंखा उलटा फिरला आणि दोन दिवस छताला वारा घातला.

उत्तर: वर चढलाच आहात तर हुकाचा बोल्टही बघा. खाऱ्या हवेने आमचा गंजून खिळ्याएवढा उरला होता, आणि खाली पाळणा!

प्रश्नकर्ता: बसवला. वायरींची टोकं हिरवीगार पडली होती, पॉलिश पेपरने घासली. बोल्टही बदलला. आता पंखा एकवर ठेवला तरी कालनिर्णय भिंतीवर फडफडतंय. आईने काठी परत पडवीत नेली, मांजरासाठी.