गेटबाहेरची गाडी आणि वर्गातली छडी : आपले अनुभव

गेल्या महिन्यात माळा आवरताना एका डब्यात येझदी मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी सापडली. काजळीने काळीठिक्कर पडलेली ती नळी हातात घेतली आणि पहिल्यांदा आठवला तो दहावीच्या वर्गात पुढे केलेला उजवा तळहात, कारण या नळीपायीच मी त्यावर सहा छड्या खाल्ल्या होत्या. शाळेतली शिस्त आणि गाडी खोलून बघण्याचे वेड या दोन्ही गोष्टी आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला एकाच वयात आल्या, म्हणून हा चर्चेचा धागा काढत आहे. कोणती गाडी होती, तिच्यात काय बदल केले, ते कोणाकडून शिकलात आणि शाळेने त्याबद्दल काय केले, हे सविस्तर लिहावे. गावाचे नाव लिहिण्यास हरकत नाही. शाळेचे व शिक्षकांचे नाव मात्र लिहू नये. सुरुवात मीच करतो.

कोल्हापूर, १९८९

गाडी काकांची होती, येझदी रोडकिंग, २५० सीसी. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना ठाऊक असेल की तिचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो; तो आत दाबून वर फिरवला की किक होते आणि गाडी सुरू झाल्यावर खाली टाकला की तोच गिअर बनतो. माझ्याकडे परवाना नव्हता आणि वयही नव्हते. काका दुपारी झोपले की मी गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेत असे आणि तिथे किक मारत असे.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या अशा गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागत असल्याने सायलेन्सरमध्ये काजळी धरते. आतली पुंगळी अधूनमधून काढून, पेटवून, झटकून साफ करायची असते. शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे मी ती साफ करायला नेली आणि परत बसवलीच नाही. आवाज असा निघाला की मला वाटले गाडीची ताकद दुप्पट झाली. मिस्त्री मात्र हसले. त्यांनी मला चढावर गाडी न्यायला सांगितली आणि तिथे ती तिसऱ्या गिअरला अक्षरशः रडू लागली. मग त्यांनी जमिनीवर खडूने आकृती काढून समजावले की टू-स्ट्रोकमध्ये बाहेर पडणाऱ्या धुराला मागून थोडा अडथळा लागतो, नाहीतर न जळलेले पेट्रोलही त्याच्याबरोबर निघून जाते. भौतिकशास्त्राचा एवढा स्वच्छ तास मी शाळेत कधी अनुभवला नव्हता. तरीही पुंगळी मी बसवली नाही, कारण आवाज मला हवा होता.

गाडी मी शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे, पिठाच्या गिरणीमागे लावत असे. एके दिवशी मधल्या सुट्टीत मित्राला फेरी मारून आणली आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी मला उभे केले. त्यांनी फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारले, “तिसऱ्यात ओढत नाही ना?” मी नकळत “नाही सर” म्हणालो आणि वर्ग हसला. सर स्वतः जुन्या जावा मोटारसायकलवर येत असत, हे मी विसरलो होतो. सहा छड्या झाल्यावर त्यांनी मला थंडपणे सांगितले की पुंगळी परत बसव, पिस्टन खराब होईल. मार कशासाठी होता, परवाना नसताना गाडी चालवल्याबद्दल की यंत्राशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल, हे मला आजतागायत कळलेले नाही.

पुणे, १९६७

आमच्या काळी मोटारसायकल ही डॉक्टरांची किंवा पोलीस अधिकाऱ्यांची गोष्ट होती. आमचे सारे वेड सायकलवर होते. मडगार्ड आणि चेनकव्हर काढून टाकायचे, हँडल उलटे बसवायचे आणि मागच्या चाकाच्या तारांना लागेल अशा बेताने पत्त्यातले एक पान कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवायचे, की फटफटीसारखा आवाज येत असे. घरच्या कॅटातले बदामाचे राजे-राण्या अशा रीतीने शहीद झाले. डबल सीट आणि दिव्याशिवाय सायकल या दोन गुन्ह्यांसाठी पोलीस पकडत, महानगरपालिकेचा बिल्ला नसेल तर वेगळी पंचाईत. शाळेत मात्र शिक्षा एकच, चाकातली हवा सोडून देणे. निगडीच्या झुडपाच्या हिरव्या छडीपेक्षा ती अधिक लागत असे, कारण मग घरापर्यंत चालत जावे लागे आणि उशीर का झाला हे वडिलांना सांगावे लागे. म्हणजे एका गुन्ह्याला दोन ठिकाणी मार.

नाशिक, १९९३

इथे सगळे पुरुषच लिहीत आहेत, म्हणून मी लिहिते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तेव्हा गिअर नसलेली दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येत असे, हे मला तोंडपाठ होते, कारण वडिलांशी वाद घालण्यासाठी मी ते पाठ केले होते. त्यांनी जुनी लुना मोपेड घेऊन दिली. तिला पेडल असल्यामुळे पेट्रोल संपले तरी सायकलसारखी मारत घरी येता येते, हा तिचा खरा गुण. भावाने गाडी सुरू न झाल्यास इंजिनात ठिणगी देणारा प्लग काढून पॉलिश पेपरने कसा घासायचा हे एकदा दाखवले आणि पुढची तीन वर्षे मी कोणाचीही मदत घेतली नाही. आमच्या शाळेत दोन वेण्या, लाल रिबिनी आणि तेल लावलेले केस यांबाबत कडक नियम होता. लुनावरून येताना एक वेणी सुटली आणि मला मधल्या सुट्टीपर्यंत वर्गाबाहेर उभे करण्यात आले. बाईंनी प्रगतीपुस्तकात शेरा लिहिला, “वर्तन उच्छृंखल.” हाताला लागलेल्या काळ्या ग्रीसबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना ती बहुधा शाई वाटली असावी.

सातारा जिल्हा, एका निवृत्त शिक्षकाकडून

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो आणि २००८ साली निवृत्त झालो. वरच्या सर्वांना मारणाऱ्यांपैकी मी एक, असे समजावे. छडी मी वापरली, अंगठे धरायला लावले, मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेला मनाई केली, तो कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. माझ्या सगळ्या कारकिर्दीत असे काही थांबवणारे कोणी नव्हते, आणि पालक स्वतः येऊन “सर, फोडून काढा” असे सांगत. आज त्याचे समर्थन करणार नाही.

गाड्यांच्या बाबतीत मात्र मी छडी लवकरच सोडली होती. १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल आली तशी मुले वेड्यासारखी चालवू लागली. अकरा अश्वशक्तीची, वजनाला हलकी गाडी आणि वर बसलेले सोळा वर्षांचे पोर. मी खिशात प्लग पाना ठेवू लागलो. प्रार्थना सुरू झाली की कुंपणाबाहेर जायचे, लावलेल्या गाड्यांचे प्लग काढायचे, प्रत्येक कागदात गुंडाळून त्यावर गाडीचा क्रमांक लिहायचा आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवायचे. वडिलांना घेऊन या आणि प्लग न्या, असा नियम होता. एकदा खणात चौदा प्लग जमले आणि कोणीच आले नाही. मला वाटले मुले घाबरली, चालत जाऊ लागली. वीस वर्षांनी एका माजी विद्यार्थ्याच्या मुलाच्या लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्याने सांगितले की समोरच्या दुकानदाराने जुने, साफ केलेले प्लग भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. मी भर पंगतीत हसलो, पण दुकानदार माझा मित्र होता याचे वाईटही वाटले.

लॉस एंजलिसजवळून

ज्या देशात या वेडाला नाव मिळाले तिथला एक अनुभव देतो; माझा नव्हे, माझ्या वृद्ध शेजाऱ्यांचा. ते पन्नासच्या दशकात इथल्या हायस्कुलात होते. फोर्डने १९३२ साली सामान्य माणसाला परवडणारी आठ सिलिंडरची गाडी आणली होती आणि वीस वर्षांनी ती भंगारात स्वस्तात मिळू लागली. मुलांनी तिचे मडगार्ड काढले, छत कापून खाली आणले, इंजिनाचे सपाट हेड (वरचे झाकण) घासून पातळ केले, म्हणजे आतला दाब वाढतो, आणि रस्त्यावर शर्यती लावल्या. हीच हॉट रॉड. या मुलांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर नेण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, आणि १९५३ साली इथून जवळच पोमोना येथे तिची पहिली अधिकृत स्पर्धा झाली.

शेजाऱ्यांच्या शाळेतली शिक्षा लाकडी फळीची होती. मुलाला ओणवे करून पाठीमागे ती मारली जात असे, आणि हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून तिला भोके पाडलेली असत. ती फळी सुतारकामाच्या तासाला मुलांनीच बनवलेली होती, आणि भोके पाडण्याचे काम खुद्द माझ्या शेजाऱ्यांकडे आले होते. हे ऐकून मला आमच्या गावची शाळा आठवली, जिथे ज्याला मार खायचा त्यानेच कुंपणाची निगडी तोडून छडी आणायची असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली शाळेतला असा मार घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. कॅलिफोर्नियात तो १९८६च्या कायद्याने बंद झाला असला तरी दक्षिणेकडील काही राज्यांत आजही कायदेशीर आहे.

अकोला

मला हा धागा वाचताना थोडी चीड आली, ती स्पष्ट लिहितो. तुम्हा सर्वांना मार गमतीचा वाटतो, कारण तुम्ही शाळेत टिकलात. मी आठवीत असताना एका सरांनी बोटांमध्ये पेन्सिल धरून हात दाबला, कारण माझी फी थकली होती. मधले बोट आजही पूर्ण वळत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही आणि एका गॅरेजवर राहिलो. तिथल्या उस्तादांनी चुकलो तर पाना फेकून मारला, हेही खोटे नाही. पण रोज संध्याकाळी हातावर दोन रुपये ठेवले आणि पहिल्या महिन्यातच इंजिनाचा ब्लॉक उतरवायला शिकवला. तुमच्यासारखी मुले गाडी घेऊन येत, सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) वाढवून द्या, पोर्ट (आत-बाहेर जाणाऱ्या वाटा) घासून द्या म्हणत, आणि मी त्यांच्याच वयाचा असूनही मला “ए छोटू” म्हणत.

आज माझे स्वतःचे गॅरेज आहे. बुलेट आणणाऱ्या मुलांना फटाके फुटल्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर हवा असतो. मी नाही म्हणतो, ते दुसरीकडून बसवून घेतात, पोलीस पकडतात, जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात आणि मग तीच मुले मूळ सायलेन्सर परत बसवायला माझ्याकडे येतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, म्हणून हल्ली सोबत वडीलही येतात. मी त्या मुलाच्या हातात पाना देतो आणि सांगतो की नट तू काढ. बहुतेकांना कोणत्या बाजूला फिरवायचा हे माहीत नसते. मग वाकड्या बोटाने मी दाखवतो.