मदत हवी आहे: मणक्याच्या दुखापतीनंतर कायमची लघवीची नळी काढावी का?

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय २९. रत्नागिरीजवळ आमची कलमं आहेत. गेल्या हंगामात आंबे काढताना फांदी मोडली आणि तो पाठीवर पडला. डी १० चा (पाठीचा दहावा) मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला. ऑपरेशन करून रॉड घातलेत. कमरेखाली काही कळत नाही, पाय हलत नाहीत. हात मात्र भक्कम आहेत. व्हीलचेअरवर बसून आंब्याची प्रतवारी करतो, व्यापाऱ्यांशी फोनवर तोच बोलतो.

खरा छळ लघवीचा आहे. डिस्चार्ज मिळाल्यापासून फोली कॅथेटर (मूत्राशयात कायम ठेवलेली नळी) आणि पिशवी आहे, गावातल्या सिस्टर येऊन नळी बदलतात. नळीत गाळ साचतो, ती तुंबते, मग बाजूने लघवी झिरपते. हुडहुडी भरून ताप आला की अँटिबायोटिक. कल्चरमध्ये दर वेळी जंतू निघतातच.

आता युरोलॉजिस्ट म्हणतात, फोली काढा आणि सीआयसी शिका, म्हणजे ठरावीक वेळाने स्वतः नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. त्याआधी युरोडायनॅमिक टेस्ट करा. आईला धसका बसलाय: एकदाच घातलेल्या नळीने एवढा ताप येतो, तर दिवसातून चार-पाच वेळा घातल्यावर काय होईल? मलाही तेच विचारायचं आहे. शिवाय टेस्टसाठी त्याला मुंबईला न्यायचं म्हणजे गाडी, मुक्काम, खर्च. ती खरंच लागते का? आणि अलीकडे नळी असूनही त्याला मधेच जोरात लघवी होते, पायही उडतात. नसा सुधारत असतील का?

चाकावरचा:
ताई, मी डी ८ आहे, बरीच वर्षं सीआयसीवर. आईंची भीती रास्त आहे, पण प्रकार उलटा आहे. आत मुक्काम करून राहिलेल्या नळीवर जंतूंचा थर धरतो. सीआयसीत नळी दोन-चार मिनिटं आत असते आणि लघवी साचून राहत नाही. ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही. हात साबणाने धुवायचे, जागा स्वच्छ करायची, जेली लावून नळी हळू सरकवायची. अडली तर जोर करायचा नाही. मोठ्या माणसाला बहुधा १२ किंवा १४ नंबरची नेलाटन (साधी सरळ नळी) लागते, मेडिकलमध्ये मिळते. दर चार ते सहा तासांनी करायचं, एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साचू द्यायचं नाही. सुरुवातीला मापाचं भांडं आणि वही ठेवा, किती प्यायला, किती निघाली. माझी पिशवी सुटली त्या दिवसापासून मी लग्नकार्याला जायला लागलो.

रिहॅब-नर्स:
जोरात होते म्हणजे सुधारणा, असं कृपया धरू नका. लघवीचं केंद्र मज्जारज्जूच्या शेपटाकडे, एस २ ते एस ४ ला असतं. भावाची इजा त्याच्या वर आहे. पडल्यानंतर सुरुवातीचे आठवडे मूत्राशय ढिलं पडतं. पुढे ते केंद्र मेंदूला न विचारता आपलं आपण काम करू लागतं. मूत्राशय आवळतं आणि त्याच वेळी खालची झडपही आवळते. आत दाब चढतो, लघवी उलटी किडनीकडे जाऊ शकते आणि किडनी सुजते. हे सगळं न दुखता होतं. चादर भिजली की सगळ्यांना दिसतं, दाब मात्र कोणालाच दिसत नाही. तो मोजायलाच युरोडायनॅमिक टेस्ट असते, म्हणून ती टाळू नका. नुसत्या सोनोग्राफीत किडनीची सूज दिसते, पण ती दाबाने त्रास झाल्यानंतरची गोष्ट.

दाब जास्त निघाला तर ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनॅसिनसारख्या गोळ्या देतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतं, ते डॉक्टरांना सांगा. गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. पोटावर दाबून लघवी काढायला कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, त्याने दाब आणखी चढतो.

कल्चरचं सांगते. नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू बहुतेक वेळा सापडतातच. त्रास नसताना केवळ रिपोर्ट पाहून अँटिबायोटिक घेत राहिलं तर पुढे औषधं लागू पडेनाशी होतात. ताप-हुडहुडी असेल, पाय एकदम जास्त उडू लागले असतील तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

दुखापत डी ६ किंवा त्याच्या वर असलेल्या वाचकांसाठी: मूत्राशय तुंबलं की रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटायला येतं, घाम सुटतो. आधी उठवून बसवा, नळीला पीळ पडलाय का बघा, मूत्राशय रिकामं करा. तरी उतरलं नाही तर लगेच हॉस्पिटल.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती तयार आहे. टेस्ट करायचीच असं ठरलं. सीआयसी शिकवतात कुठे? आणि भाऊ विचारतोय, बागेत असताना हात कुठे धुणार?

रिहॅब-नर्स:
मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे आधी चौकशी करा. शिकताना तुम्हीही शेजारी बसा, पण हात त्याचेच चालू द्या.

चाकावरचा:
खुर्चीच्या मागच्या पिशवीत पाण्याची बाटली, साबणाची वडी, जेली, रुंद तोंडाची रिकामी बाटली आणि दोन पाकीटबंद नळ्या. शक्यतो दर वेळी नवी नळी. खर्चामुळे धुऊन वापरायची वेळ आली तर ती कशी धुवायची आणि किती वेळा चालेल, हे शिकवणाऱ्यांकडूनच ठरवून घ्या.