गुजराती स्वर शिकताना मराठी माध्यमातील मुलाची होणारी गल्लत

पालक, नंदुरबार :
सप्रेम नमस्कार. आमच्या घरी गुजराती बोलली जाते, परंतु मुलगा मराठी माध्यमात तिसरीत आहे. सुरतेच्या आजीचे पत्र त्याला स्वतः वाचता यावे, एवढ्यासाठी मी त्याला गुजराती अक्षरे शिकवू लागले. व्यंजने लवकर जमली, स्वरांपाशी मात्र अडले आहे. ‘एक’ लिहिताना तो मराठी ए काढतो आणि वरची रेघ तेवढी गाळतो. स्वर पाठ करून घ्यावेत, की थेट बाराखडी घ्यावी?

प्राथमिक शिक्षक, नवापूर :
ताई, बाराखडीच आधी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. काना, वेलांटी, उकार आणि मात्रा यांच्या जागा त्याला मराठीमुळे ठाऊक आहेत आणि गुजरातीतही त्या त्याच आहेत. शिरोरेषा नसल्यामुळे मात्रा थेट अक्षराच्या माथ्यावर बसते, एवढेच. खरी अडचण सुट्या स्वरांची आहे. मराठीत आपण ‘ओ’ आणि ‘औ’ हे ‘आ’वर मात्रा देऊन लिहितो, पण ‘ए’ आणि ‘ऐ’ यांची आकृती निराळी ठेवतो. गुजरातीत चारही स्वर ‘अ’वरच उभे राहतात : एक मात्रा दिली की ए, दोन दिल्या की ऐ, कान्यासह एक दिली की ओ, कान्यासह दोन दिल्या की औ. सावरकरांनी लिपिशुद्धीत मराठीसाठी ‘अे’, ‘अै’ सुचवले होते, त्याच धाटणीची ही रूपे आहेत. म्हणून गुजराती ‘अ’चे वळण आधी पक्के करून घ्यावे. इ, ई, उ, ऊ मात्र गिरवूनच लक्षात ठेवावे लागतात.

निवृत्त शिक्षिका, तळोदा :
सरांचे म्हणणे मला पूर्ण पटते. ‘ज’कडे तेवढे वेगळे लक्ष द्यावे, कारण ‘जा’ आणि ‘जी’ लिहिताना काना किंवा दुसरी वेलांटी इतर अक्षरांप्रमाणे सुटी जोडत नाहीत, अक्षराचेच वळण बदलते. आजीच्या पत्रात ‘राजीखुशी’ हा शब्द बहुधा येईलच, तेथे मूल हमखास थबकते. शिवाय ‘कने कानो का’ हे घरच्या भाषेतच मोठ्याने म्हणवून घ्यावे. आपल्या ‘काना’चा तेथे ‘कानो’ होतो, हे मुलांना फार आवडते.

पालक, नंदुरबार :
मनःपूर्वक आभार. काल त्याने ‘अ’वर मात्रा देऊन ‘एक’ बिनचूक लिहिले. आता शाळेच्या वहीत तो ‘अेक’ लिहील, अशी धास्ती वाटते.

प्राथमिक शिक्षक, नवापूर :
काही दिवस तसे होईल, त्याबद्दल रागावू नये. दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात आणि एकच शब्द दोन्हींत शेजारी शेजारी लिहून घ्यावा. सुरतेला जाताना आमचे स्थानक लागते. ते निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत असल्याने तेथील पाट्यांवर मराठी आणि गुजराती दोन्ही आढळतात. ‘नवापूर’मधला काना आणि उकार त्याला दोन्ही लिपींत शोधायला सांगावे.