मदत हवी आहे: परीकथेतला प्रेमाचा सिनेमा मुलांना चालेल का?

नेरूळची_आई: शनिवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांना सिनेमा दाखवायचाय. राजकुमारी, चाचे, तलवारबाजी आहे, पण मुळात प्रेमकथा. कमिटीतले काका म्हणतात, असलं नको. लवकर सांगा, आज ग्रुपवर नाव टाकायचंय.

सेक्टर१९: सिनेमा कुठला? मुलं केवढी?

घोडबंदरवासी: खिडक्यांना जाड पडदे लावा. आमच्याकडे पाचच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. स्पीकरही वेगळा घ्या.

नेरूळची_आई: प्रोजेक्टरचं झालंय हो! ‘द प्रिन्सेस ब्राइड’, १९८७ चा.

मोगरा: बिनधास्त दाखवा. आजोबा आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवतात, मुका घेण्याचा प्रसंग आला की नातूच कुरकुरतो. मुलांना ते फार आवडतं.

खारघरचा_बाबा: मुक्याचं काय घेऊन बसलात! नायकाला यंत्राला बांधून छळतात, दलदलीत भलामोठा उंदीर चावतो, राजकुमारी खंजीर घेऊन जीव द्यायला निघते. माझी लेक पहिलीत होती, यंत्राचा प्रसंग बघून रात्री झोपेना.

मोगरा: माझा मुलगा त्याच वयाचा, तो तलवारबाजीतच रमला. इतकं जपू नये मुलांना.

खारघरचा_बाबा: तो घरी, तुमच्या शेजारी बसून बघत होता. इथे हॉलभर मुलं, आईबाप बाहेर गप्पा मारणार.

सेक्टर१९: २०२४ पासून सेन्सॉरने यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे) ७+, १३+, १६+ असे वयोगट केलेत, ओटीटीवर तर आधीपासून आहेत. ते बघा. पण भीती नेमकी कशाची, हे आकडा सांगत नाही. वय सांगा ना!

आजोबा_ठाणेकर: मराठी काही नाही का? सुट्टीत वाशीच्या भावे नाट्यगृहात बालनाट्य लागलं की न्या सगळ्यांना.

नेरूळची_आई: आजोबा, शनिवारचं बोलतेय. मुलं ५ ते १२. सिनेमा इंग्रजीत, खाली सबटायटल्स.

खारघरचा_बाबा: अहो, हे आधी सांगायचं! पाच वर्षांचं पोर सबटायटल्स वाचणार कसं? त्याला गोष्ट कळणार नाही, नुसत्या किंकाळ्या ऐकू येतील. आठच्या पुढच्यांनाच बसवा. यंत्राचा प्रसंग न दाखवता पुढे जा.

मोगरा: आठच्या पुढे, मान्य. पण तो प्रसंग गाळू नका, नायक मेल्यासारखा का पडलाय ते मुलांना कळणार नाही. तो पुन्हा उठतो, एवढं आधीच सांगून टाका.

नेरूळची_आई: हे पटलं, काकांनाही असंच सांगते. मग लहानांना काय दाखवू? तासाभराचं, मराठी किंवा हिंदीत डब केलेलं सुचवा.